गाडीखालचा रेइनो

आमच्या गावात जुनी गाडी घ्यायची तर आधी ती रेइनो कांगासच्या अंगणात न्यायची, अशी पद्धत होती. बँकेत जायचं ते नंतर, आणि बायकोला विचारायचं ते त्याच्याही नंतर. रेइनो घरातून बाहेर यायचा, शेडमधून फ्रिजच्या खोक्याचा चपटा केलेला पुठ्ठा काढायचा, तो गाडीखाली सरकवायचा आणि त्यावर उताणा पडून आत शिरायचा. मग बाहेर फक्त त्याचे बूट दिसायचे आणि आतून हातोडीच्या दांड्याचे ठोके ऐकू यायचे. लोखंड धड असलं की ठण्ण वाजायचं, कुजलेलं असलं की ठप्प. घेणारा माणूस हातात टोपी धरून त्या बुटांकडे बघत उभा राहायचा.

विकणाऱ्याला मात्र तिथं थांबायची परवानगी नव्हती. त्याला स्वयंपाकघरात कॉफीला बसवायचं. विकणारा बोलत असला की लोखंड ऐकू येत नाही, असं रेइनोचं म्हणणं होतं. ही कॉफी त्याची बायको इर्या द्यायची. इर्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण मी शेजारीण, मीही एकटी, आणि माझा वेलदोड्याचा पाव बरा होतो. मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे अशी कामं विचारून देत नाहीत.

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सरोवराच्या काठावर आमचं गाव आहे, टॅमरॅक हार्बर. ऑक्टोबर संपता संपता बर्फ पडायला लागतो आणि एप्रिलमध्ये कुठं त्याला दया येते. रेइनो जन्मभर जिल्ह्याच्या रस्ते खात्यात बर्फ काढायचा ट्रक चालवत होता. पुढच्या पात्यानं बर्फ बाजूला सारायचा आणि मागून रस्त्यावर मीठ टाकत जायचा. त्या मिठामुळं आम्ही खड्ड्यात न जाता घरी पोचायचो आणि त्याच मिठानं आमच्या गाड्या खालून गंजून खाल्ल्या जायच्या. माझा नवरा अर्व्हिड त्याला शनिवारी सॉनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, बसल्यावर डिवचायचा, "दिवसा मीठ टाकतोस आणि रविवारी खाली शिरून भोकं बघतोस. धंदा बरा आहे तुझा." त्यावर रेइनो म्हणायचा की धंदा असता तर पहिलं बिल तुलाच पाठवलं असतं.

धंदा नव्हताच. त्यानं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. कुणी दारात धूर दिलेला मासा ठेवून जायचं, कुणी हरणाच्या मांसाचं पुडकं. गाडीखालून बाहेर आला की तो दोनच शब्दांपैकी एक बोलायचा, "घ्या" किंवा "सोडा". का ते सांगायचा नाही. बॉनेट तर त्यानं कधी उघडलंच नाही. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, लोखंड काही परत उगवत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. आणि गावाचंही तेच होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे असं बोलायला लागले की जणू हे खूळ एकट्या रेइनोच्या डोक्यातलं. आम्ही लहानपणापासून गाडीखाली वाकून बघत आलोय. आमच्याकडे माणूस नवीन गाडीचं कौतुक करतानासुद्धा आधी गुडघ्यावर बसतो.

इर्या गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याची मुलगी मार्लिस परत आली. तिचा संसार मोडला होता, पण ती त्यासाठी आली नव्हती, बाप एकटा पडला म्हणून आली होती. रेइनोनं तिच्या खोलीला नवीन खिडक्या बसवल्या, भिंतींना नवा रंग दिला, आणि ज्या माणसाला मी चाळीस वर्षांत शीळ घालताना ऐकलं नव्हतं तो कुंपणापाशी लाकडं फोडताना शीळ घालायला लागला. मार्लिसनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं. माझ्यासमोरच सांगितलं. "बाबा, मी इथं राहीन, पण नोकरी टिकली तरच. नाहीतर मला लांब ग्रीन बे शहरात जावं लागेल, तिथं मैत्रीण काम देतेय." नोकरी तिला मिळाली होती, मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात, रुग्णांची देखभाल करायची. रस्ता तासाभराचा, सगळा जंगलातून. तिची स्वतःची गाडी सप्टेंबरात संपली. आता तिला हवी होती रोज पहाटे सुरू होणारी गाडी, बस्स. तिला ती गाडी मिळते की नाही यावर रेइनोचं म्हातारपण एकट्यानं जायचं की दोघांत, हे ठरणार होतं.

मी माझी तपकिरी स्टेशन वॅगन देऊ केली. अर्व्हिडनं ती वीस वर्षं सांभाळली होती, आणि तो गेल्यावर मी तिला दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत नेत होते. दिसायला ती भयंकर होती. चाकांवरचा पत्रा झालरीसारखा फाटलेला, मागचं दार दोरीनं बांधलेलं. पण कसल्याही थंडीत चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. मार्लिसला ती पटली होती. पण पद्धत म्हणजे पद्धत. गाडी रेइनोच्या अंगणात गेली, आणि मी विकणारी म्हणून मला त्याच्या स्वयंपाकघरात बसावं लागलं. स्वतःच्या हातानं कॉफी करून, स्वतःलाच वाढून, मी खिडकीतून त्याचे बूट बघत होते. ठप्प, ठप्प, ठण्ण, ठप्प.

"सोडा," तो मुलीला म्हणाला. मग तिच्यासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कारण दिलं. गाडीला खालून तोलणारी मागची लोखंडी पट्टी गंजून मऊ झालीय. दोन हिवाळे काढेल, फार तर तीन.

मी बाहेर येऊन म्हणाले, "रेइनो, ती रोज सुरू होते. तेवढं तरी बघ. बॉनेट उघड."

"सुरू होते, पण कशावर उभी आहे ते बघ," तो म्हणाला. "मला दोन हिवाळ्यांची गाडी नकोय, हिल्मा. मला पुरेल एवढी गाडी हवी."

मला पुरेल एवढी. मुलीला नव्हे, मला. तो शहात्तर वर्षांचा होता आणि त्याला अशी गाडी हवी होती की जी त्याच्या शेवटापर्यंत मुलीला रोज संध्याकाळी घरी आणेल. मला त्याचा राग आला होता, पण ते वाक्य ऐकून मी चावी घेतली आणि तपकिरी घरी नेली. अशी गाडी कुणीच कुणाला देऊ शकत नाही, हे म्हणायला हवं होतं असं आता वाटतं खरं, पण तो तरी कुठं ऐकणार होता.

त्याच सुमारास हायवेवरच्या बंद पेट्रोल पंपाच्या आवारात एक माणूस गाड्या घेऊन आला होता. वेड त्याचं नाव. दक्षिणेकडचा, बोलणं सायीसारखं मऊ. मोठ्या ट्रेलरवर घालून त्यानं दक्षिणेतल्या जुन्या गाड्या आणल्या होत्या आणि वर पाटी लावली होती, 'हिवाळा न पाहिलेल्या गाड्या'. आमच्या लोकांना भुलवायला तेवढं पुरेसं होतं. रविवारी चर्च सुटल्यावर निम्मं गाव तिथं गुडघ्यावर बसलेलं. बारा-पंधरा वर्षांच्या गाड्या, आणि खालून नुसत्या आरशासारख्या. म्हातारी माणसं एकमेकांना हाका मारून दाखवत होती. मार्लिसला एक निळी गाडी आवडली आणि वेड ती आपणहून रेइनोच्या अंगणात घेऊन आला. पद्धत त्याला कुणी सांगितली होती कोण जाणे. येताना पुठ्ठासुद्धा घेऊन आला होता, स्वच्छ, कोरा.

मी त्याला कॉफीला बसवलं. इतकी वर्षं मी विकणाऱ्यांना कॉफी देतेय. प्रत्येक जण कप हातात घेऊन खिडकीकडे बघत असतो. प्रामाणिक असो की लबाड, नजर बुटांवर. एखादा ठोका ठप्प वाजला की कप बशीवर टेकतो. हा वेड एकदाही वळला नाही. त्यानं माझ्या पावाची स्तुती केली, वेलदोडा कुटून घालता का विचारलं, दुसरा तुकडा मागितला. बाहेर ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मला वाटलं, किती निश्चिंत माणूस आहे. निश्चिंत होताच तो. आम्ही कुठं बघतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथं काही सापडणार नव्हतं.

रेइनो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लग्नाच्या दिवशी तरी असा दिसला होता की नाही आठवत नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग अजून खाली आहे, म्हणाला. पाठ झटकायचंही त्याला सुचलं नाही. "घ्या," म्हणाला, आणि पुन्हा एकदा, "घ्या."

मी मार्लिसच्या शेजारी उभी राहून गाडीत डोकावले. आरशाला सुगंधाची दोन कागदी झाडं टांगलेली होती, आणि त्यांच्या वासाच्या मागं आणखी एक वास होता. वसंतात बर्फ वितळून माझ्या तळघरात पाणी शिरतं, नंतर महिनाभर येतो तो. मी तसं म्हणाले.

"तुझी तपकिरी मी सोडली म्हणून आता तुला सगळ्या गाड्यांना वास येणार," रेइनो म्हणाला. मार्लिस हसली, वेडही मोकळेपणानं हसला. मला राग होताच, नाही म्हणत नाही. पण माझ्या नाकाला कुणाचा राग नव्हता. मी घरी निघून आले.

पहिला बर्फ पडला आणि निळ्या गाडीची चालकाच्या बाजूची काच आपोआप खाली गेली, ती वर येईना. मार्लिस प्लास्टिकचा कागद चिकटवून कामाला जायला लागली. मग समोरचे दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे, दिवाळखोरीत निघालेल्या दुकानाच्या पाटीसारखे. हॉर्न एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना बाहेर उभ्या गाडीत वाजत राहिला. गाव हसलं. रेइनो प्रत्येक वेळी पुठ्ठा घेऊन खाली शिरायचा, ठोकायचा, बाहेर येऊन म्हणायचा, लोखंड चोख आहे, बारीकसारीक असेल काहीतरी. डिसेंबरात ती दोनदा सुरूच झाली नाही. मार्लिसच्या दोन पाळ्या बुडाल्या आणि हॉस्पिटलानं तिला ताकीद दिली, ती नवीन होती म्हणून.

"वायर असेल एखादी," रेइनो मला कुंपणावरून म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, डेरेककडे ने. डेरेक लिंडक्विस्टनं नुकतंच गॅरेज काढलं होतं, गाडी वर उचलायचं यंत्र बसवलं होतं. रेइनोनं नाक मुरडलं. जो माणूस गाडीखाली पाठ टेकत नाही त्याला गाडी काय कळणार, म्हणाला.

जानेवारीत, पहाटे, जंगलातल्या रस्त्यावर निळी गाडी चालता चालता मेली. इंजिन, दिवे, हीटर, सगळं एकाच क्षणी. थंडी अशी की श्वास पापण्यांवर गोठत होता आणि तिथं फोन लागत नाही. मार्लिस गाडीत थांबली, मग थांबवेना म्हणून चालायला लागली. तिला शोधलं कुणी, तर रस्ते खात्याच्या ट्रकनं. रेइनोचाच जुना रस्ता, आता दुसरा ड्रायव्हर. ती जिवानिशी वाचली, पण डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली आणि नंतर ती काढावी लागली. नोकरी तर त्याच दिवशी गेली. फोनवर बोलणारी बाई फार गोड बोलली म्हणे.

निळी गाडी ओढून डेरेकच्या गॅरेजमध्ये नेली. रेइनोला मी घेऊन गेले, माझ्या तपकिरीतून. डेरेक त्याच्याशी अदबीनं वागत होता, त्याचीही पहिली गाडी रेइनोनंच बघून दिली होती. त्यानं गाडी वर उचललीच नाही. दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला. आपण खांद्यावरून घेतो त्याच्या कितीतरी पुढं, शेवटच्या वितीपर्यंत. पट्टा आतून बाहेर आला तसा त्याचा रंग बदलला. वर काळा, आणि मग एक सरळ रेघ, आणि त्या रेघेखाली वाळलेल्या गाळाचा भुरा रंग.

"पाणी इथपर्यंत होतं, मिस्टर कांगास," तो म्हणाला. "पुरातली गाडी आहे. खालचं लोखंड एवढ्यात गंजत नाही, पण आतल्या सगळ्या वायरी सडल्यात."

सीटवर बसलेल्या माणसाच्या छातीइतकी उंच ती रेघ होती. रेइनोनं पट्टा हातात घेतला, अंगठ्यानं तो गाळ खरवडून बघितला. मी आयुष्यात त्याला कुणाच्या मरणाला रडताना बघितलं नाही, तो तिथंही रडला नाही. तो फक्त म्हणाला, "मी खाली बघितलं होतं." मग त्यानं हात सोडला आणि पट्टा सरसर आत गुंडाळला गेला.

खाली बघितलं होतं हे खरंच होतं. आमच्या गावातल्या कुणीही तेच केलं असतं, त्या रविवारी सगळं गाव गुडघ्यावर होतं. गंजाला आम्ही इतके घाबरतो की गंज नसला की आमचे डोळेच मिटतात. वेड हे ओळखून होता. तो केव्हाच गेला होता, पंपाच्या आवारात त्याच्या पाटीचा एक खांब तेवढा उरला होता आणि फोन कुणी उचलत नव्हतं. त्याच्याकडून आणखी चार जणांनी गाड्या घेतल्या होत्या, त्यातल्या तीन रेइनोला दाखवून.

मग गावानं आपला खरा रंग दाखवला. ज्यांच्या गाड्या त्यानं फुकट बघितल्या त्यांना एकदम आठवायला लागलं की आपली ती हिरवी गाडीही त्यानंच घ्या म्हणाला होता, तिचा क्लच गेला तो त्यामुळंच. किराणा दुकानात एक बाई मला म्हणाली, वय झालं की माणसानं थांबावं. तिच्या घरातल्या तीन गाड्या रेइनोनं पाठीवर झोपून बघितल्या होत्या, एक तर पावसात. मी तिला तसं सांगितलं आणि दूध न घेताच बाहेर पडले. दारातले मासे बंद झाले. गाड्या डेरेककडे जायला लागल्या. रेइनो पुठ्ठा शेडमध्ये ठेवून खिडकीत बसायला लागला. रस्त्यानं कुणी नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन गेलं की मान वळवून बघायचा, पण वरवरच, चाकांच्या खाली नाही.

मार्लिस त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती पट्ट्या बांधलेल्या हातानं त्याचा स्वयंपाक करायची, बर्फ ढकलायची, आणि एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, "हिल्मा मावशी, तपकिरी अजून विकायचीय?"

मी विचारलं, "कुठं जायचंय?" मला माहीत होतं तरी विचारलं.

"ग्रीन बे. मैत्रिणीनं अजून जागा धरून ठेवलीय."

"आणि बाबा?"

"बाबाला म्हटलं चल. तो म्हणतो, घर सोडणार नाही." मग ती म्हणाली, "मावशी, मी राहायला आले होते हो."

मी गाडी दिली. तिनं ती रेइनोच्या अंगणात नेली नाही, सरळ डेरेककडे नेली. डेरेकनं वर उचलली, मागच्या मऊ पट्टीवर नवीन लोखंड जोडलं, ब्रेक बघितले. सगळ्या गावासमोर, भर दुपारी. रेइनो कांगासची मुलगी गाडी दुसऱ्याला दाखवते हे बघायला दोघं-तिघं मुद्दाम थांबले होते.

ती निघाली त्या दिवशी बर्फ वितळायला लागला होता आणि अंगणात चिखल होता. खोकी भरून झाली होती. मी वाटेत खायला पेस्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, बांधून आणल्या, तर गाडीखालून बूट बाहेर आलेले दिसले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं जुना पुठ्ठा घेतला होता, तो चिखलात भिजून लगदा झाला होता. आतून ठोके येत होते, सावकाश, एकेक. ठप्प. ठप्प. मग नवीन लोखंडावर, ठण्ण.

मार्लिस शेवटचं खोकं घेऊन बाहेर आली आणि बूट बघून थांबली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. टोपी नव्हती, नाहीतर हातात धरली असती. त्याला बाहेर यायला फार वेळ लागला. कोपरावर, मग गुडघ्यावर, मग दाराच्या मुठीला धरून तो उभा राहिला.

"मागची पट्टी चांगली जोडलीय," तो म्हणाला. "घ्या. पोचवेल तुला."

"माहितेय बाबा," मार्लिस म्हणाली. "डेरेकनं वर उचलून बघितलीय." आवाजात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "घरात जा आता, पाठ भिजलीय तुझी."

तिनं त्याच्या पाठीवरचा चिखल उजव्या हातानं झटकला, गालाला गाल लावला आणि गाडीत बसली. रेइनो हातोडी धरून उभा होता. मला माहीत आहे तो काय ऐकायची वाट बघत होता. एकदा तरी, एवढ्या एका सकाळी तरी, गाडीनं कां कूं करावं. मीसुद्धा तेच मागत होते.

मार्लिसनं चावी फिरवली आणि तपकिरी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ऑक्टोबरात मी त्याला तेच सांगत होते, आणि तेव्हा त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.